बीटल-आधारित किट कार

फोक्सवॅगन बीटलची मूळ बॉडी उतरवून तिच्या चासीवर फायबरची दुसरी बॉडी बसवलेली गाडी. बीटलची बॉडी खालच्या फ्लोअरपॅनला, म्हणजे चासीचे काम करणाऱ्या तळाच्या पत्र्याच्या सांगाड्याला (थोडक्यात ‘पॅन’), बोल्टांनी जोडलेली असते. ती उचलून बाजूला ठेवली तरी इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक आणि चाके पॅनवरच राहतात आणि गाडी जागची हलू शकते. म्हणूनच १९६०च्या दशकापासून अमेरिका, ब्रिटन व ब्राझीलमध्ये या पॅनसाठी निरनिराळ्या बॉड्या निघाल्या. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियात घडवलेली ‘मेयर्स मँक्स’ ही बग्गी (उघडी, हलकी गाडी) त्यांतली सर्वांत गाजलेली. ब्राझीलची एमपी लाफर, पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या प्रतिकृती आणि ब्रिटनची नोव्हा ही त्याच घराण्यातली इतर नावे.

भारतात बीटलचे उत्पादन कधीच झाले नाही. बाहेरून आलेल्या थोड्या गाड्यांपैकी एखादी, बहुधा मुंबई-पुण्याकडून, मराठवाड्यात पोहोचते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला फोक्सवॅगन समूहाचा कारखाना असला तरी हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाचे सुटे भाग तिथून मिळण्याची आशा धरू नये. मेक्सिकोत बीटल २००३ पर्यंत तयार होत होती, त्यामुळे भाग जगाच्या बाजारात आहेत, पण ते सीमाशुल्क भरूनच आणावे लागतात. याउलट वेल्डर, टर्नर आणि फायबरचे कारागीर वाळूज-चिकलठाण्यात हाताशी आहेत. त्यामुळे बॉडी हा या गाडीचा सर्वांत सोपा भाग ठरतो. पैसे पॅनचे आणि कागदांचे मोजावेत. चकचकीत रंगाला भुलू नये.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लावली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे बंद बीटल म्हणून नोंदलेली गाडी उघडी बग्गी करून रस्त्यावर आणणे बेकायदा आहे. २०२१च्या नियमांतील व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेले वाहन त्यात बसत नाही. किट कारला हा मार्ग बंदच आहे.

म्हणून घेण्याजोगी गाडी तीच, जिच्या प्रमाणपत्रावर बॉडीचा प्रकार आज दिसतो तसाच लिहिलेला आहे. चासी क्रमांक मागच्या सीटखाली मधल्या टनेलवर, म्हणजे पॅनच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या पोकळ उंचवट्यावर, ठोकलेला असतो आणि इंजिन क्रमांक जनरेटरच्या स्टँडखाली क्रँककेसवर (इंजिनाच्या मुख्य खोक्यावर) असतो. दोन्ही स्वतः वाचून प्रमाणपत्राशी ताडावेत. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला क्रमांक दिसला तर सौदा तिथेच सोडावा. हस्तलिखित जुने पुस्तक असेल तर त्याची नोंद ‘वाहन’ या संगणकीय नोंदणी प्रणालीत चढली आहे का हे आरटीओत पाहावे. ती नसेल तर एमएच-२० असो वा एमएच-२४, हस्तांतरण अडते. पंधरा वर्षांनंतरचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण चुकलेले असेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा. कागद जुळत नसतील तर गाडी खासगी आवारापुरती राहते आणि तिची किंमत सुट्या भागांएवढीच धरावी.

पॅनची तपासणी

फायबर गंजत नाही, पण खालचा पत्रा गंजतो. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते आणि आम्लामुळे तिथला पत्रा आधी जातो. दुसरी जागा पुढची: टनेलचे टोक आणि पुढचा अ‍ॅक्सल जिथे बोल्टांनी जोडला जातो तो भाग. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. आत शिरला तर नुसते ठिगळ चालत नाही, कारण सगळे स्टिअरिंग त्यावर टांगलेले असते.

मँक्सच्या धर्तीची बग्गी करण्यासाठी पॅन सुमारे १४ ते साडेचौदा इंच, म्हणजे ३६-३७ सेंटिमीटर, आखूड केलेला असतो. सांध्याचे वेल्डिंग खालून पाहावे आणि पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या टॉर्शन नळीपर्यंत (मागच्या चाकांचे टॉर्शन बार जिच्यात असतात ती आडवी नळी) दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत ३ मिमीहून जास्त फरक असेल तर गाडी तिरकी चालते, टायर एकीकडून झिजतात आणि अलाइनमेंटवाला काही करू शकत नाही. पॅन कापताना टनेलमधला गिअरचा दांडा, क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलनळ्या, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकच्या केबल तेवढ्याच आखूड कराव्या लागतात. गिअरचा दांडा सरळ जुळला नाही तर दुसरा गिअर निसटतो. क्लचच्या बाहेरच्या लवचीक नळीला २५ ते ४५ मिमी झोळ हवा; ती ताठ बसवली तर क्लच थरथरतो.

हलक्या बॉडीमुळे मागचा भाग वर उचलला जातो. १९६८ पर्यंतच्या बहुतेक बीटलना झुलता मागचा अ‍ॅक्सल आहे. त्यात उंची वाढली की चाके तळाशी आत वळतात आणि जोरात वळण घेताना गाडी उलटू शकते. उपाय टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा, फिरवण्याचा. त्याच्या आतल्या टोकाला ४० व बाहेरच्या टोकाला ४४ खाचा असतात. आत एक खाच एका दिशेने आणि बाहेर एक खाच उलट दिशेने सरकवली की कोन ५० मिनिटांनी, म्हणजे एका अंशाहूनही कमी, बदलतो. दोन्ही बाजू सारख्या आल्याशिवाय गाडी चालवू नये.

इंजिन आणि उन्हाळा

परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपुढे जातो. या इंजिनात पाणी नाही, पंख्याची हवा आणि अडीच लिटर तेल एवढेच आहे. पंख्याभोवतीचे व सिलिंडरांखालचे पत्रे शोभेचे नसतात, ते हवा सिलिंडरांवरून ओढून नेतात. किट कारवाले इंजिन ‘दिसावे’ म्हणून हे पत्रे काढतात आणि पुढच्या मेपर्यंत इंजिन खलास होते. बंद बॉडीच्या किटमध्ये इंजिनाच्या कडेचे रबरही शाबूत हवे. नाहीतर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो.

सिलिंडर क्रमांक ३ सर्वांत जास्त तापतो, कारण जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असतो. १९७१च्या मॉडेलपासून कूलर मागे वेगळ्या कप्प्यात गेला. ही रचना जुन्या इंजिनावर बसवता येते, पण कूलर, आवरण, रुंद पंखा आणि हवेचा मार्ग असा सगळा संच घ्यावा लागतो. मराठवाड्यासाठी हा सर्वांत उपयोगी बदल आहे. खरी परीक्षा मांजरसुंब्याच्या घाटात दुपारी दुसऱ्या गिअरवर होते.

व्हॉल्वचे अंतर, म्हणजे व्हॉल्व आणि तो दाबणारा रॉकर यांमधली फट, ०.१५ मिमी, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. उन्हात उभी असलेली गाडी दुपारी थंड समजू नये. हे काम पहाटे करावे. तीन नंबरच्या एक्झॉस्टचे अंतर दर वेळी कमी होत असेल तर व्हॉल्व ताणला जातो आहे आणि लवकरच तुटेल.

विकत घेताना क्रँकची पुली हाताने पुढे-मागे ओढावी. हालचाल ०.०७ ते ०.१३ मिमी, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढी असावी. ठक्क आवाज आला तर क्रँककेस उघडावीच लागते. कॉम्प्रेशन साधारण १०० ते १३० पीएसआय असावे आणि चारही सिलिंडरांत जवळपास सारखे यावे. तेलाला कागदी फिल्टर नाही, फक्त जाळी आहे. त्यामुळे २०डब्ल्यू-५० तेल ५,००० किलोमीटरला आणि फुफाट्याच्या रस्त्यावर त्याच्या निम्म्या अंतरातच बदलावे. जाळीच्या झाकणाच्या सहा लहान नट्सना फार जोर लावला तर केसमधले आटे निघतात. बहुतेक जुन्या इंजिनांत एखादा तरी निघालेला असतोच. मूळचा तेलात बुडालेला एअर क्लीनर दिसायला बोजड आहे, पण काळ्या मातीची धूळ तोच अडवतो. त्याजागी चकचकीत गोल फिल्टर बसवणे म्हणजे रिंगा घासायला देणे.

या गाड्या आगीनेही जातात. कार्ब्युरेटरची पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते आणि कालांतराने ढिली होऊन निसटते. शिवाय २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुने रबर फुगवते. सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे, आतून ५ मिमीचेच घ्यावेत. दुकानात सहज मिळणारा ६ मिमीचा पाइप क्लिप आवळूनही गळतो. पेट्रोल फिल्टर इंजिनच्या वर नको, टाकीच्या बाजूला हवा.

फायबर आणि वायरिंग

जेलकोटवरची (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरची) कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा नुसते पुट्टी भरून झाकलेली असेल तर रंगानंतर परत वर येते. मागून ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर थर सुटले आहेत. तडेच्या रुंदीपलीकडे उतार देऊन घासावे आणि ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचेच्या तंतूंच्या चटईचे) दोन-तीन थर मागून द्यावेत. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के लागतो. उन्हाळ्यात १ टक्काच पुरे, आणि एका वेळी थोडेच कालवावे, नाहीतर डब्यातच गरम होऊन गोठते.

फायबरमधून वीज जात नाही. पत्र्याच्या गाडीची सवय असलेला वायरमन दिव्याची अर्थ-वायर (परतीची, अर्थिंगची वायर) बॉडीला जोडतो आणि दिवा लागत नाही किंवा मंद लागतो. प्रत्येक दिव्याची अर्थ-वायर पॅनपर्यंत न्यावी. गिअरबॉक्स ते पॅन ही जाड पट्टीही विसरू नये. १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. १२ व्होल्टचा स्टार्टर हवा असेल तर फ्लायव्हील बघावे: ६ व्होल्टला १०९ दात, १२ व्होल्टला १३० दात.

चाके

जुन्या ड्रमवर पाच बोल्ट २०५ मिमी वर्तुळावर असतात, १९६८ पासून बहुतेक गाड्यांना चार बोल्ट १३० मिमीवर. महिंद्र जीपच्या रिमची पाच भोके १३९.७ मिमीवर असल्याने त्या बसत नाहीत, आणि लेथवर भोके पाडून बसवलेल्या रिमा तुटतात. हवा मूळ बीटलला पुढे १६ ते १८ व मागे २४ ते २६ पीएसआय असते. हलक्या बग्गीला पुढे याहून थोडी कमी लागते; टायरवाला सवयीने चारही चाकांत ३० भरतो, ते करू देऊ नये.