तुतनखामुन आणि वाळवणाचं रसायनशास्त्र

'इजिप्तच्या ममी ज्या रसायनाने टिकल्या, ते आजच्या विज्ञानालाही सापडलेलं नाही' असा मजकूर तुतनखामुनच्या सोनेरी मुखवट्याच्या फोटोसकट व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरतोय. ते रसायन केव्हाच सापडलंय. शाळेत आवर्तसारणी पाठ करताना सोडियमची संज्ञा 'एनए' का, असा प्रश्न पडला असेल, तर त्याचं उत्तरही तेच आहे. ही संज्ञा सोडियमच्या लॅटिन नावावरून, नेट्रियमवरून आली आणि नेट्रियम आलं नेट्रॉनवरून. नेट्रॉन म्हणजे ममीचा खार.

तुतनखामुन हा प्राचीन इजिप्तचा राजा. तो आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर आला आणि इसवी सनापूर्वी १३२३च्या सुमारास, जेमतेम एकोणिसाव्या वर्षी वारला. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण होते, असं २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत दिसलं. वडील बहुधा राजा अखेनातेन. राणी अंखेसेनामुन ही अखेनातेनचीच मुलगी. थडग्यात दोन अर्भकांच्या ममी मिळाल्या, त्या बहुधा या दोघांच्या दिवस पूर्ण न भरलेल्या मुली.

राजा गेल्यावर शव टिकवायचं, तर त्यातलं पाणी काढायला हवं. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो आणि पाण्याशिवाय जिवाणू वाढत नाहीत. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात ताटलीत पाणी सुटतं, तीच ही क्रिया. पण नेट्रॉन साध्या मिठापेक्षा जास्त कामाचं. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून इथल्या सरोवरांच्या काठी ते सापडतं. त्यात धुण्याचा सोडा, खायचा सोडा, मीठ आणि थोडं सल्फेट असतं. आपल्या लोणारचं पाणीही अशाच सोड्याने अल्कधर्मी झालेलं आहे.

यातला धुण्याचा सोडा मला फार आवडतो. त्याचा एक रेणू स्फटिक होताना पाण्याचे दहा रेणू धरून ठेवतो. म्हणजे १०६ ग्रॅम कोरडा सोडा १८० ग्रॅम पाणी स्वतःत बांधून घेऊ शकतो! नैसर्गिक नेट्रॉन मिश्र असल्याने त्याची क्षमता कमी, म्हणून ते ढिगांनी लागायचं. शिवाय ते अल्कधर्मी. त्यामुळे कातडीखालच्या चरबीचं जलापघटन होऊन, म्हणजे पाण्याशी क्रिया होऊन तिचे रेणू तुटून, तिचा काही भाग ग्लिसरॉल आणि मेदाम्लांच्या सोडियम क्षारांत, म्हणजे साबणात बदलतो, आणि कुजवणारी विकरंही मंदावतात. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी आधीच काढलेली असत. मग शव सुमारे ४० दिवस खारात. बांधणी, तेलं, विधी धरून एकूण ७० दिवस.

बरीच वर्षं अभ्यासकांना वाटायचं की शव नेट्रॉनच्या द्रावणात बुडवत असत. तुतनखामुनच्या थडग्यातल्या वस्तूंवर काम केलेल्या आल्फ्रेड लुकास या रसायनतज्ज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून कोरड्या नेट्रॉनचीच बाजू मांडली. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ममी करण्यासाठी वापरलेलं ग्रीक क्रियापदही मासे खारवण्याचंच आहे.

तुतनखामुनच्या शवाची हानी मात्र खाराने झाली नाही. त्याच्यावर तेलं आणि राळ इतकी ओतली होती की कापड जळल्यासारखं काळं पडलं आणि ममी ११० किलो सोन्याच्या शवपेटीला घट्ट चिकटली. १९२५मध्ये हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या चमूने ती तुकड्यातुकड्यांनी सोडवली. त्या कापाकापीचं वाईट वाटतंच.

हे थडगं उघडणाऱ्यांना राजाचा शाप लागला, असंही म्हणतात; त्याबद्दलही लिहिलंच पाहिजे. थडगं १९२२मध्ये सापडलं. मोहिमेला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३मध्ये वारले, ते डास चावलेल्या जागी दाढी करताना कापलं आणि जखम चिघळली म्हणून. खुद्द थडगं शोधणारा कार्टर १९३९पर्यंत जगला. शाप खरा असता, तर त्याचा पहिला नंबर कार्टरचाच लागला असता.

तुतनखामुन आजही लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, आपल्याच थडग्यात आहे. २००७पासून त्याला हवा नियंत्रित केलेल्या काचपेटीत ठेवलंय, कारण पाहायला येणाऱ्यांच्या श्वासातून आणि घामातून थडग्यात ओलावा येतो.