रेस दिली की गाडी आवाज करते? घेऊन येण्याआधी एवढं बघून ठेवा

बरेच जण येतात आणि 'गाडी आवाज करतेय, बघा जरा' एवढंच सांगतात, मग आम्ही गाडी रॅम्पवर घेतो आणि आवाज गायब, कारण तो येतो लोड आल्यावर आणि उचललेल्या गाडीवर लोडच नसतो. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो नेमका कधी येतो हे आम्हाला जास्त कामाचं असतं, आणि ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, गाडी रोज तुम्हीच चालवता.

आधी एक साधी टेस्ट करा. मोकळ्या हवेत गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला (ऑटोमॅटिक असेल तर पार्कला) आणि हळूहळू रेस देत आरपीएम २५०० पर्यंत न्या. उभ्या गाडीतच आवाज आला तर इंजिन, बेल्ट, सायलेन्सर यातलं काहीतरी आहे. नाही आला तर रस्ता मोकळा असताना ५० च्या स्पीडला गाडी थर्डमध्ये चालवून बघा आणि मग त्याच स्पीडला फोर्थमध्ये. गिअर बदलल्यावर आवाजाचा सूर बदलला तर तो इंजिनच्या बाजूचा, अजिबात फरक पडला नाही तर चाकाकडचा, म्हणजे बेअरिंग किंवा टायर. एवढं सांगितलंत तरी आमचं अर्धं काम झालं आणि तुमचे नको ते पार्ट बदलायचे वाचले.

हे आम्ही कळकळीने सांगतो कारण एक गाडी आलेली, दुसरीकडे पुढची दोन्ही बेअरिंग बदलून झालेली आणि आवाज जसाच्या तसा. सेकंड गिअरला रेस दिली की पत्रा थरथरल्यासारखं झर्रर्र, पाय काढला की बंद. पाइप थंड होऊ दिला आणि खाली शिरून सायलेन्सरवरचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) बोटाने नुसतं टिचकावलं तर तोच आवाज! शील्डचा एक बोल्ट गंजून तुटला होता, दुसरा टिकून होता. एक क्लॅम्प लावला आणि काम संपलं. बेअरिंगचा आवाज असा नसतोच, तो स्पीडबरोबर वाढणारा घूंऽऽ असतो, पाय काढला तरी राहतो आणि डावीकडच्या लांब वळणावर वाढला तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना गाडीचं वजन तिकडे जातं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू रेस देताना कटकट कटकट ऐकू आलं तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या एक्सलचा सांधा). चाकाच्या आतल्या बाजूला बघा, एक्सलच्या टोकाला रबरी बूट असतो, तो फाटला की चाक फिरताना ग्रीस गोल उडतं आणि रिमच्या आत काळा चिकट पट्टा दिसतो. पट्टा दिसतोय पण कटकट अजून नाही, अशा वेळी आलात तर बऱ्याचदा नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं, कटकट सुरू झाली की जॉइंटच बदलावा लागतो. सरळ रस्त्यावर रेस देताना गाडी थरथरते आणि पाय काढल्यावर शांत होते, तर आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघावा लागेल. पाय दाबताना आणि सोडताना एकेकदा धप्प, तर बहुतेक इंजिन माउंटिंगचं (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्याचं) रबर बसलंय.

चढावर मोठ्या गिअरमध्ये दाबून रेस दिली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ना, ते नॉकिंग, सिलिंडरमधलं पेट्रोल प्लगची ठिणगी पुरं पेटवायच्या आत स्वतःच भडकतं. आधी गिअर खाली घ्या, कंपनीने सांगितलंय त्याच ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि तरी थांबलं नाही तर दाखवा, कारण कार्बन साचलेला असू शकतो, इंजिन जास्त गरम होत असेल, आणि असंच चालवत राहिलं तर पिस्टन खराब होतो.

बेल्टची चिरचिर तर सगळ्यांनाच ओळखू येते, फक्त त्यावर कसलाही स्प्रे मारू नका, आवाज दोन दिवस दबतो आणि बेल्ट अजून घसरतो. टर्बो गाडीत नव्यानेच शिट्टी किंवा सूंऽऽ आणि सोबत पिकअप कमी झाला तर बहुतेक हवेचा पाइप (होज) फाटलाय किंवा क्लिप सुटलीय. आरपीएम चढतो, इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट.

दोन आवाज आले तर मात्र अजिबात उशीर करू नका. एक, इंजिनच्या आतून खोल ठक ठक ठक, रेस दिली की जास्त, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा, चालवत आणू नका, आम्हाला फोन करा, आपण उचलून आणू. दुसरं, सकाळी थंड गाडीत टिकटिक किंवा फटफट आणि गरम झाल्यावर कमी, हे एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून लीक असू शकतं. धूर आत शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि तो जिवावर बेततो, तेव्हा तोवर काचा उघड्या ठेवा आणि बंद जागेत इंजिन अजिबात चालू ठेवू नका.

जमलं तर आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, पण शेजारी बसलेल्याने करायचा, चालवणाऱ्याने नाही. टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिक शेजारी बसेल आणि गाडी तुम्हीच चालवा, तुमच्या पायाने जसा आवाज येतो तसा आमच्याने येईलच असं नाही. आणि फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला आवाज येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून जा, सकाळी थंड इंजिन आम्हीच सुरू करू.