अंदाज बांधणारे आणि अंदाज सांगणारे

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी भाची यंदा दहावी झाली. "मामा, मला टीव्हीवर हवामानाचा अंदाज वर्तवायचाय," म्हणाली. मी विचारलं, "बांधायचाय की सांगायचाय?" तिला प्रश्नच कळला नाही, आणि त्यात तिची चूक नाही. 'वर्तवणे' हा शब्द आपण दोन्ही कामांना वापरतो.

अंदाज बांधतात ते वेधशाळेतले लोक. हवामान खात्याची केंद्रं यंत्र टांगलेले फुगे आकाशात सोडतात. त्यांची ठरलेली वेळ जगभर एकच, आपल्याकडे पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. वर चढता चढता यंत्र तापमान, आर्द्रता, दाब कळवत राहतं. हे आकडे, उपग्रहाची चित्रं, रडार आणि संगणकाची गणितं जुळवून अंदाज तयार होतो. तिथे जायचं तर फिजिक्स-गणित घेऊन बी.एस्सी. हवी, पुढे वातावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली उत्तम. पुणे विद्यापीठात ती सोय आहे.

टीव्हीवर दिसणारी व्यक्ती बहुतेक वेळा निवेदक असते. ती रिकाम्या हिरव्या पडद्यासमोर उभी असते. नकाशा तिच्या मागे नसतोच, हिरव्या रंगाच्या जागी तो संगणकाने भरतात; बाजूच्या मॉनिटरवर बघत सौराष्ट्रावर नेमका हात न्यायचा असतो. हिरवी साडी चालत नाही, तेवढी पडद्यात विरून जाते. इथे भाषा, आवाज आणि वेळेचं भान लागतं. मराठी, गुजराती, हिंदी सहज बोलणाऱ्या बडोद्याच्या मुलीला ते जमेल.

परदेशात चित्र वेगळं आहे, म्हणून गोंधळ वाढतो. १९५४ मध्ये बीबीसीवर नकाशासमोर उभे राहून अंदाज सांगणारे जॉर्ज काउलिंग तिथल्या हवामान खात्याचेच होते. अमेरिकेतही अनेक निवेदक हवामानशास्त्राचे पदवीधर असतात.

आपल्याकडे ही दोन माणसं वेगळी असल्याचा फटका मला ऑगस्ट २०२४ च्या पुरात फार जाणवला. पाऊस ओसरला तरी विश्वामित्री उतरेना. नदी येते पावागढच्या डोंगरांतून, आजवा धरणाचं पाणीही तिच्यातच येतं. "शहरात उघडीप आहे, पण वरचं पाणी अजून यायचंय, सामान खाली आणू नका," हे कुणी पडद्यावर ठासून सांगायला हवं होतं. आमच्या शेजाऱ्यांनी उघडीप ऐकून गाद्या तळमजल्यावर आणल्या होत्या.

साधी गोष्ट घ्या. खात्याचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत मोजतात. हे ठाऊक नसलेला निवेदक कालचा पाऊस आजचा म्हणून सांगून मोकळा होतो.

भाचीला मी एवढंच म्हटलं, की अकरावीला गणित सोडू नकोस. विज्ञानाची पदवी घेऊन पुढे पत्रकारितेला जाता येतं. उलटं येणं फार अवघड. सध्या ती गच्चीवर सरळ उभ्या कडांचा डबा ठेवून रोज साडेआठला पट्टीने पाणी मोजते. परवा २३ मिलिमीटर भरलं, तर मला उठवून दाखवलं.