लँडफिलचं खचणं

लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, भरलेला कचरा वर्षानुवर्षं खाली बसत जातो आणि त्याच्यावरचा पृष्ठभाग हळूहळू खचतो, या क्रियेला सेटलमेंट म्हणतात. परिभाषेच्या यादीत अवतलन असा शब्द सापडेल, पण बोलताना सगळे ‘भराव बसला’ एवढंच म्हणतात. एकूण खचणं भरलेल्या जाडीच्या साधारण ५ ते ३० टक्के धरतात, कचरा ओला आणि सैल टाकलेला असेल तर त्याहून जास्तही होतं, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या एक-दोन वर्षांतच उरकतो. बाकीचं दशकं चालतं. कचरा कुजतो म्हणून जमीन खाली जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती चूक नाही पण अर्धीच आहे, कारण नुसत्या वजनाने दबणंही त्यात असतं आणि दोघांची वाटणी कशी करायची हाच या विषयातला जुना वाद.

मुळात थर लावून, दाबून, रोज वर माती पसरून कचरा पुरायची पद्धत कधीची यावरही थोडी ओढाताण आहे. अमेरिकन लेखक कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या लँडफिलला पहिला मान देतात, ते १९३०च्या दशकातलं, बहुतेक संदर्भ १९३७ हे साल देतात, आणि जीन व्हिन्सेंझ यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. ब्रिटनमध्ये ‘कंट्रोल्ड टिपिंग’ त्याआधीच चालू होतं, त्यामुळे पहिलेपणाचा दावा जरा सांभाळून घेतलेला बरा. खचण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की दाबून भरलेला कचरा उघड्या ढिगापेक्षा कमी बसतो आणि कधी किती भरला याची नोंद राहते, म्हणून मोजमापं जवळपास सगळी अशाच साइट्सची आहेत.

कारणं : जॉर्ज सॉवर्स यांनी १९७३ मध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय मृदायांत्रिकी परिषदेत कचऱ्याच्या भरावावर पेपर मांडला, आजही चर्चा तिथूनच सुरू होते. त्यांनी कारणं वेगवेगळी करून सांगितली. पहिलं यांत्रिक, म्हणजे वरच्या वजनाने डबे चेपणं, खोकी चुरगळणं, वस्तू वाकणं. दुसरं म्हणजे बारीक कण घरंगळत मोठ्या पोकळ्यांत जाऊन बसणं, हे पाऊस मुरल्यावर किंवा हादऱ्यांनी जास्त होतं. तिसरं गंजणं आणि ऑक्सिडेशन, चौथं जैविक कुजणं. शिवाय ही कारणं एकमेकांना हात देतात, म्हणजे कुजण्यातून निघालेली आम्लं पत्र्याला गंज चढवतात आणि मिथेनमुळे आतल्या आत आग धुमसते. यादी सुटसुटीत आहे, प्रत्यक्षात एकाच घनमीटरमध्ये हे सगळं एकदम चालू असतं.

कुजण्याचे टप्पे : पुरताना अडकलेली हवा असेपर्यंत ऑक्सिजनवाले जिवाणू काम करतात, हा टप्पा काही दिवस ते आठवडे, कचरा चांगलाच तापतो. मग हवा संपते. आधी मोठे रेणू पाण्याच्या मदतीने तुटतात, त्यांची आम्लं होतात, लीचेटचा, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचा, पीएच ५-६ पर्यंत उतरतो, आणि नंतर कधीतरी मिथेन बनवणारे जिवाणू जम बसवतात, पीएच ७ च्या आसपास येतो आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मे-निम्मे निघत राहतात. जमिनीच्या खचण्याचा संबंध मुख्यतः या शेवटच्या टप्प्याशी, कारण घन पदार्थ गॅस होऊन जागा सोडतो तो इथेच. सेल्युलोजचं गणित सोपं आहे, एका एककामागे पाण्याचा एक रेणू घेऊन मिथेनचे ३ आणि कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू बाहेर पडतात, म्हणजे १ किलो सेल्युलोज पूर्ण कुजलं तर प्रमाण तापमान-दाबाला सुमारे ८३० लिटर गॅस. तो किलो ज्या जागेत होता ती जागा आता रिकामी.

पण पूर्ण कुजतंच असं नाही. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, ऑक्सिजनशिवाय जवळजवळ कुजत नाही आणि त्याच्या वेढ्यात अडकलेलं सेल्युलोजही कुजण्यातून वाचतं. मॉर्टन बार्लाझ यांच्या प्रयोगांमधून हे प्रमाण कागदागणिक कसं बदलतं ते दिसलं, ऑफिसचा पांढरा कागद बऱ्यापैकी संपतो, वर्तमानपत्राचा कागद लिग्निन जास्त असल्याने बराचसा तसाच राहतो. ॲरिझोना विद्यापीठाचे विल्यम रॅथजी १९८०च्या दशकाच्या शेवटापासून लँडफिल खणायला लागले तेव्हा दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली, आणि तारीख छापलेली असल्याने त्या थराचं वय सांगायला तीच कामी आली! कोरड्या लँडफिलमध्ये कुजणं थांबल्यासारखंच होतं. अशी जागा स्थिर दिसते, पण ती स्थिर नसते, नुसती तहानलेली असते, पाणी मिळालं की पुन्हा चालू.

वाटणीचा वाद : आता मूळ मुद्दा. कचरा एक घनमीटर कमी झाला म्हणून जमीन एक घनमीटर खाली आली असं होत नाही. समजा एक जुना फ्रिज आडवा पडलाय, त्याच्याखाली पुठ्ठ्याची खोकी. खोकी कुजून गेली तरी फ्रिज दोन्ही टोकांना विटा-काँक्रीटवर टेकून तसाच राहतो, खाली पोकळी, वर काहीच कळत नाही. मग काही वर्षांनी एक टोक सुटतं आणि वरची जमीन एकदम बसते. म्हणजे आधी पोकळी वाढते आणि मग ती मिटते. मॅकडूगल आणि पायरा यांनी २००४ मध्ये नेमकं हेच सूत्रात बांधलं, घन पदार्थ जितका घटतो त्याच्या प्रमाणात पोकळी किती बदलते हा एक वेगळा आकडा धरला, आणि तो आकडा कचऱ्याच्या रचनेप्रमाणे बदलतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात प्रामाणिक विचार हाच, जरी डिझाइन करणाऱ्याला तो आकडा कुठून आणायचा हा प्रश्न राहतोच.

त्याआधीची, आणि अजूनही जास्त वापरली जाणारी पद्धत सरळ मातीकडून उसनी घेतलेली आहे. मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणाऱ्या तेरझाघींचं घनीकरणाचं शास्त्र चिकणमातीतून पाणी हळू पिळून निघण्यावर उभं आहे, कचऱ्यात पोकळ्या एवढ्या मोठ्या की पहिलं दबणं सॉवर्सच्या म्हणण्याप्रमाणे महिन्याभरातच आटोपतं. त्यानंतरचं खचणं त्यांनी वेळेच्या लॉगरिदमवर सरळ रेषेत बसवलं आणि त्या रेषेचा उतार सुरुवातीच्या पोकळी-गुणोत्तराच्या (पोकळ्यांचं आकारमान भागिले घन पदार्थाचं) ०.०३ पट ते ०.०९ पट दिला, पहिला आकडा कुजायला प्रतिकूल परिस्थितीत, दुसरा अनुकूल असताना. लॉगचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. समजा ३० मीटर जाडीचा भराव आहे आणि जाडीच्या प्रमाणात मांडलेला उतार ०.०५ धरला, तर पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत १.५ मीटर खचेल, आणि पुढचं तेवढंच १.५ मीटर व्हायला दहाव्यापासून शंभराव्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. बंद केल्यानंतरच्या देखभालीची मुदत मात्र अमेरिकेच्या नियमांत ३० वर्षं आणि युरोपच्या १९९९ च्या निर्देशातही किमान ३० वर्षं, या दोन हिशोबांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे शून्य वेळ कुठून मोजायची. मातीचा बांध एका मोसमात होतो, लँडफिल भरायला दहा-वीस वर्षं लागतात, तळाचा कचरा म्हातारा आणि वरचा कालचा. येन आणि स्कॅनलन यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या लँडफिल्सचा अभ्यास करताना भरण्याच्या काळाचा मधला बिंदू धरून वय मोजलं, तोडगा कामचलाऊ आहे पण टिकला. दुसरी अडचण म्हणजे रेषा सरळ राहतेच असं नाही. ब्यार्नगार्ड आणि एजर्स यांनी १९९० मध्ये बऱ्याच साइट्सच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा सुरुवातीचा उतार मंद आणि पुढे जाऊन तीव्र असा दुहेरी दिसला, आणि उशिराचा तो तीव्र भाग कुजण्यामुळे असं पुष्कळ जण मानतात. उलट बाजू अशी की लॉगच्या अक्षावर उशिराचं काहीही तीव्रच दिसतं, तेव्हा नुसत्या उतारावरून जिवाणूंना श्रेय देणं जरा घाईचं आहे. पार्क आणि ली यांनी १९९७ मध्ये कुजण्याचा भाग वेगळा काढून तो गॅसनिर्मितीसारखा, सुरुवातीला जलद आणि मग ओसरत जाणारा धरला, त्यात खचण्याला निदान शेवट तरी आहे, लॉगच्या रेषेला तो नाही. गॅसच्या नोंदी हाताशी असतील तर हा मार्ग जास्त पटण्यासारखा. गिब्सन आणि लो यांचं मातीसाठीचं १९६१ चं मॉडेल आणि घातसूत्राचं (खचणं वेळेच्या एखाद्या घाताप्रमाणे वाढतं असं धरणारं) मॉडेलही चालतात, एडिल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दोन्ही कचऱ्यावर लावून पाहिली.

परिणाम : सगळीकडे सारखं खचलं तर फार बिघडत नाही, उलट चालू लँडफिलमध्ये भरायला आणखी जागा मिळते. त्रास होतो तो कमी-जास्त खचण्याचा. शेजारी राडारोडा आणि ओला कचरा असला की मध्ये बशीसारखा खोलगट भाग होतो, त्यात पावसाचं पाणी साचतं, ते कॅपच्या, म्हणजे भरावावर टाकलेल्या शेवटच्या झाकणथराच्या, फटीतून मुरतं, खाली कुजण्याला जोर येतो आणि बशी आणखी खोल होते. म्हणून वरच्या कॅपला सुरुवातीलाच ३ ते ५ टक्के उतार देतात. चिकणमातीची कॅप थोड्याशा ताणातही तडकते, प्लास्टिकच्या शीटमध्ये एचडीपीईपेक्षा (जास्त घनतेचं पॉलिथिन) एलएलडीपीई (कमी घनतेचं, लवचिक पॉलिथिन) कॅपसाठी पसंत करतात कारण ती जास्त ताणली जाते. आतला गॅस ओढून काढणाऱ्या विहिरीचा पाइप मात्र जागेवर उभा राहतो आणि जमीन त्याच्यापासून खाली सरकते, पाइपावर पूर्वीच्या मातीची रेघ वर राहिलेली दिसते, ती आणि आजची जमीन यातलं अंतर टेपने मोजलं की ढोबळ सेटलमेंट मिळालं. आडव्या पाइपांची तऱ्हा वेगळी, गॅस गरम आणि दमट असतो, पाइप जिथे लवतो तिथे पाणी जमतं, आत गुडगुड ऐकू येते आणि पुढच्या विहिरींचं ओढणं कमी होतं. रीतसर मोजणी सेटलमेंट प्लेट (भरावात ठेवलेली, खाली-वर मोजता येणारी पट्टी), सर्व्हे, ड्रोन आणि उपग्रहाच्या रडारने करतात.

खचण्याचा वेग अचानक वाढला तर आत आग किंवा उष्णतेची रासायनिक क्रिया चालू आहे का ते बघायचं. अमेरिकेतल्या मिसुरीमधल्या ब्रिजटन लँडफिलमध्ये २०१० च्या शेवटी असं सुरू झालं, तिथला खचण्याचा वेग नेहमीच्या कुजण्यात बसणारा नव्हता.

वेग वाढवण्याचे उपाय : लीचेट पुन्हा आत सोडून कुजणं जाणूनबुजून जलद करायचं, म्हणजे खचणं कॅप टाकण्याआधीच उरकतं, याला बायोरिॲक्टर लँडफिल म्हणतात. पाणी जास्त झालं की उतार घसरायची भीती असते. जर्मनीने दुसरं टोक गाठलं, जून २००५ पासून प्रक्रिया न केलेला कचरा पुरायलाच बंदी. कचरा जाळून उरलेली भट्टीतली राख पुरली तर कुजण्याचं खचणं जवळपास उरत नाही.

जागेचा नंतरचा वापर : बाग, मैदान, सोलर पॅनेल असं हलकं काहीतरी बरं. न्यूयॉर्कचं फ्रेश किल्स, सुमारे ८९० हेक्टर, २००१ मध्ये बंद झालं आणि टप्प्याटप्प्याने पार्क होतंय. इमारत उभी करायची तर पाइल्स, म्हणजे पायाचे खोल खांब, कचऱ्यातून खालच्या पक्क्या थरात न्याव्या लागतात, आणि भोवतीचा कचरा खाली जाताना त्या पाइल्सना स्वतःबरोबर ओढतो, तो भार इमारतीच्या भारावर वाढीव धरायचा. इमारत मग जागेवर राहते आणि अंगण खाली जातं. दारासमोर दर काही वर्षांनी एक पायरी वाढवावी लागते आणि भिंतीतून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या, गॅसच्या लाइनला लवचिक जोड दिला नसेल तर ती नेमकी तिथेच तुटते.