सलाईन म्हणजे जेवण नव्हे

काकांचं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण तेच बोलायचा, सलाईन चालूये ना, मग काय काळजी. शेवटी मी बाटलीवरचं लेबल वाचलं: डेक्स्ट्रोज ५ टक्के, ५०० मिली. म्हणजे २५ ग्रॅम साखर, कॅलरीज शंभरच्या आत, तेलाचं बोट लावलेल्या एका पोळीइतक्याही नाहीत. नुसतं नॉर्मल सलाईन असेल तर तेही नाही, मीठपाणीच ते.

आणि मोठ्या ऑपरेशननंतर शरीराचा खर्च वाढलेला असतो. लिव्हरमधला साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपतो, मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून साखर बनवतं, जखम भरायला लागणारं प्रोटीनही तिथूनच उचलतं. पेशंटचे पाय काटकुळे होतात ते दिसतं, पण श्वासाचे स्नायूही कमजोर होतात ते दिसत नाही, खोकून कफ काढता आला नाही की न्यूमोनिया ठरलेला. १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनने अल्सरचे पेशंट तपासले, ज्यांचं वजन आधीच २० टक्क्यांहून जास्त उतरलेलं त्यातले ३३ टक्के ऑपरेशननंतर दगावले, बाकीच्यांत ३.५ टक्के!

आता साधारण किलोमागे रोज दीड ग्रॅमपर्यंत प्रोटीन सांगतात, ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. आपण देतो काय, तर पेज, साबुदाण्याची खीर, मुगाचं पाणी. हलकं असतं खरं पण प्रोटीन नावालाच. अंड्यात ६ ग्रॅम असतं, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर पंधरा लागतील, म्हणून डाएटिशियन प्रोटीन पावडर नाहीतर तयार ड्रिंक लिहून देतात (किडनीचा त्रास असेल तर हिशोब वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारा). कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनला काही ठिकाणी आर्जिनिन (प्रोटीनचा एक घटक) आणि ओमेगा-३ (माशांच्या तेलात असते ती चरबी) घातलेलं खास पातळ फीड आधीपासून देतात.

वारा सरल्याशिवाय तोंडात काही नाही हा जुना नियमही आता सैल झालाय. वारा सरणं ही मोठ्या आतड्याची खूण, ते दोन-तीन दिवस घेतं, अन्न शोषणारं लहान आतडं मात्र काही तासांतच हलायला लागतं. काकांना दुसऱ्याच दिवशी घोट घोट ड्रिंक सुरू केलं तेव्हा आत्या डॉक्टरांवरच चिडली, आणि नंतर मी मोसंबी आणली तर आंबटाने टाके पिकतील म्हणून ती पिशवी परत माझ्या हातात.