ग्रंथालयाची संगणकीय तालिका आणि मराठी पुस्तक

जुन्या ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलाजवळ लांबट, अरुंद खणांचे एक लाकडी कपाट असे; ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, म्हणजे तालिका, त्यात असे. प्रत्येक खणात साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच अशी जाड कार्डे उभी लावलेली असत, आणि कोणी कार्ड उपसून नेऊ नये म्हणून त्यांच्या तळाशी असलेल्या भोकांतून एक सळई ओवलेली असे. एका पुस्तकासाठी लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे अशी निदान तीन कार्डे करावी लागत व ती आपापल्या खणात वर्णानुक्रमाने लावावी लागत. एखादे कार्ड चुकीच्या जागी गेले, तर पुस्तक फळीवर असूनही वाचकाच्या दृष्टीने नाहीसे होई. वाचकाला शीर्षकातला केवळ मधला एखादा शब्द आठवत असेल, तर या कपाटाचा त्याला काहीच उपयोग नसे.

संगणकीय तालिका म्हणजे हीच कार्डे पडद्यावर आणणे, असा समज सर्वत्र आढळतो, परंतु तो अपुरा आहे. कार्डाकडे पाहताच वरची ओळ लेखकाची आणि तिच्याखालची शीर्षकाची, हे माणसाला जागेवरून कळते. यंत्राला मात्र ती अक्षरांची एक सलग माळ दिसते. या माळेतील कोणता मणी कशाचा, हे यंत्राला सांगायचे कसे, हा खरा प्रश्न होता. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६५ साली रुजू झालेल्या हेन्रिएट ॲव्हरम यांनी तो सोडवला. त्या पेशाने ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या होत्या. म्हणूनच असेल, कार्डावरील प्रत्येक विरामचिन्ह तेथे का आहे, हे त्यांनी ग्रंथपालांना मुळापासून विचारले. १९६६ मध्ये सोळा ग्रंथालयांना बरोबर घेऊन प्रयोग सुरू झाला आणि १९६९ पासून ‘मार्क’ या आराखड्यातील नोंदी चुंबकीय फितींवरून इतर ग्रंथालयांना मिळू लागल्या.

या आराखड्यात पुस्तकाविषयीच्या प्रत्येक माहितीचे एक क्षेत्र असते आणि त्याला तीन अंकी खूण दिलेली असते. १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. नोंदीच्या आरंभी चोवीस चिन्हांचे एक शीर्ष आणि त्यानंतर एक निर्देशिका असते. निर्देशिकेत २४५००३८००११२ असे बारा अंक आले, तर त्यांचे तीन तुकडे पाडून वाचायचे: क्षेत्र २४५, लांबी ३८ चिन्हे, सुरुवात ११२ व्या स्थानापासून. संपूर्ण नोंद न चाळता शीर्षक नेमके कोठून कोठपर्यंत आहे, हे यंत्राला यातून कळते. शीर्षकाची लांबी आधीच ठरवून न टाकण्याचा हा निर्णय मला या सगळ्या रचनेतील सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पुस्तकांची नावे कोणाच्याही सोयीने छोटी होत नाहीत. पुढे हीच रचना आंतरराष्ट्रीय मानक ठरली, आणि तिच्यावर आधारलेली नोंद आजही जगभरच्या ग्रंथालयांत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात असते.

नोंद अशी प्रवासाला योग्य झाल्यावर तेच काम शंभर ठिकाणी पुन्हा करण्याची गरज उरली नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये फ्रेड किलगोर यांच्या नेतृत्वाखाली एक सामाईक केंद्र उभारले, आणि २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्या केंद्राच्या संगणकाशी तारेने जोडून घेऊन तालिकेचे काम सुरू केले. त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. त्यामुळे शीर्षक पूर्ण न टंकता पहिल्या शब्दाची तीन अक्षरे, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची दोन आणि चौथ्याचे एक एवढ्यावर शोध घेण्याची युक्ती वापरली जाई. त्या ओहायोच्या केंद्रातूनच आजची ‘वर्ल्डकॅट’ ही जागतिक संयुक्त तालिका वाढली. गंमत अशी की, हेच केंद्र संगणकावरून छापील कार्डेही पुरवत असे आणि त्याचे शेवटचे कार्ड छापले जायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला.

वाचकाने स्वतः शोधायची तालिका, जिला आपण ‘ओपॅक’ म्हणतो, ती त्यानंतर आली. शीर्षकातील कोणत्याही शब्दावरून शोधणे, भाषा किंवा प्रकाशनवर्ष यांनी यादी आवळणे आणि पुस्तक आत्ता कपाटात आहे की कोणी घरी नेले आहे हे पाहणे, या गोष्टी तिने शक्य केल्या. ग्रंथपालाला तिचा उपयोग साठा तपासताना, देवघेवीच्या नोंदी ठेवताना आणि दुसऱ्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवताना होतो. भारतात १९८८ मध्ये ‘डेलनेट’ आणि १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ या ग्रंथालयांना जोडणाऱ्या जाळ्यांची सुरुवात झाली ती अशाच देवाणघेवाणीसाठी. लहान ग्रंथालयांच्या दृष्टीने मात्र ‘कोहा’ ही प्रणाली अधिक मोलाची ठरली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होण्याची भीती होती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे.

परंतु प्रणाली मोफत मिळाली म्हणून मराठी पुस्तक आपोआप सापडत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात मी एक जुने पुस्तक शोधत होतो. शीर्षकात ‘काही’ हा शब्द होता, तो टंकला, आणि पडद्यावर एकही पुस्तक आले नाही. पुस्तक मात्र तेथेच दुसऱ्या फळीवर होते. मुखपृष्ठावर ‘कांहीं’ असे छापले होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले, पण त्याआधीच्या पुस्तकांवर ते आहेत, आणि शीर्षक छापले आहे तसेच उतरवायचे हा तालिकेचा नियम आहे. तेव्हा ग्रंथपालाने काहीही चुकीचे केले नव्हते. उपाय आराखड्यातच आहे: २४६ हे क्षेत्र पर्यायी शीर्षकासाठी राखलेले असून तेथे आजचे रूप लिहिले की दोन्ही वाटा पुस्तकापर्यंत पोहोचतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ‘दऱ्याखोऱ्या’ या शब्दातील अर्धा र एकाने ऱ हे अक्षर घेऊन टंकलेला असतो, तर दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’ची गोष्टही तशीच, संगणकावरील अक्षरांच्या ‘युनिकोड’ या मानकात हे अक्षर २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले, त्यापूर्वीच्या नोंदींत अ आणि त्यावर चंद्र अशी जोडणी आहे. शोध घेण्यापूर्वी अशी सर्व रूपे एकाच रूपात आणून ठेवण्याची सोय प्रणालीत करता येते, पण ती मराठी जाणणाऱ्यानेच सांगावी लागते.

आणि मग लेखकांची नावे. नाटके राम गणेश गडकरी या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने. तिन्ही एकाच माणसाची. त्यात रोमन लिपीतील रूपे वेगळीच, कारण परदेशी विद्यापीठांत गेलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी अनेक वर्षे केवळ रोमन लिपीत होत असत. यासाठी ‘प्रमाण नावांची’ एक स्वतंत्र नोंद ठेवतात: एक रूप मुख्य मानायचे आणि बाकीची सर्व रूपे त्याला जोडायची. ही नोंद एकदा नीट झाली, म्हणजे गोविंदाग्रज शोधणाऱ्या वाचकापुढे गडकऱ्यांची नाटकेही येतात. कोणते नाव कोणाचे, हे ठरवायला अजूनही माणूसच लागतो, आणि मराठीसाठी शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या छापील पुस्तकांची जी सूची हाताने तयार केली, ती उघडून बसल्याशिवाय हे काम पुष्कळदा पुढे सरकत नाही.