इंग्रजी शब्दांतील 'जी' आणि 'एच' ही जोडी कोठून आली?

'एन-आय-जी-एच-टी, नाइट, नाइट म्हणजे रात्र' अशी घोकंपट्टी मराठी शाळांतील अनेक पिढ्यांनी केली आहे. यातील 'जी' आणि 'एच' यांचा उच्चार होत नाही, एवढेच बहुतेकांना सांगितले गेले. ती अक्षरे तेथे का आहेत, हे सहसा कोणी सांगितले नाही. ती निरर्थक आहेत असा समज त्यातूनच पसरला, आणि तो दूर होणे मला अगत्याचे वाटते, कारण ही दोन्ही अक्षरे एके काळी स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनीची खूण आहेत.

१०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यापूर्वीच्या इंग्रजीत 'रात्र', 'मुलगी' आणि 'आठ' या अर्थांचे शब्द साधारणपणे 'निख्त', 'दोख्तोर' आणि 'एआख्ता' असे उच्चारले जात. त्यातील 'ख' म्हणजे उर्दूतील 'ख़त' या शब्दाच्या आरंभी ऐकू येणारा, घशाजवळ घासून निघणारा ध्वनी. जुने लेखनिक तो नुसत्या 'एच'ने दाखवत. नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लेखनाची घडी बदलली. त्या ध्वनीसाठी काही काळ 'योख' नावाचे स्वतंत्र अक्षर वापरात होते आणि पुढे त्याची जागा 'जी' व 'एच' या जोडीने घेतली. जर्मनमध्ये 'नाख्त', 'टोख्टर' आणि 'आख्ट' या शब्दांत तो ध्वनी आजही ऐकू येतो. स्कॉटलंडच्या बोलीतही रात्रीला 'निख्त' म्हणतात.

या शब्दांची मुळे आपल्यालाही परकी नाहीत. संस्कृतातील 'नक्त', 'दुहितृ' आणि 'अष्ट' हे त्यांचेच भाऊबंद आहेत. 'अष्ट'चे प्राकृतात 'अट्ठ' झाले आणि मराठीत 'आठ'. जोडाक्षर सैल झाले तेव्हा आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. 'सप्त'चे 'सात' आणि 'हस्त'चे 'हात' याच वाटेने झाले. इंग्रजीतही 'निख्त'मधील घर्षक ध्वनी लोपला, तेव्हा त्यातील 'इ' लांबून 'नीट' असा उच्चार झाला आणि पुढे इंग्रजीतील दीर्घ स्वर बदलले, त्या ओघात 'नाइट' झाला. फरक एवढाच, की मराठीने बदललेला उच्चार लिहिला आणि इंग्रजीने जुना उच्चार कागदावर तसाच ठेवला.

तसे होण्यामागे छपाईचा मोठा वाटा होता. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. हा ध्वनी इंग्लंडच्या बऱ्याच भागांत पुसट होत असतानाच छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग मात्र स्थिरावत गेले. कॅक्स्टनने बरीच वर्षे आजच्या बेल्जियममधील ब्रुज शहरात काढली होती, आणि 'भूत' या अर्थाच्या 'गोस्ट' शब्दात 'जी'नंतरचा 'एच' तेथील फ्लेमिश भाषेच्या लेखनाच्या वळणाने त्याच्याच छपाईतून आला. मराठीत आपण सर्रास 'घोस्ट' म्हणतो, पण या 'एच'चा उच्चाराशी कधीच संबंध नव्हता. 'भयानक' या अर्थाचा 'गास्टली' आणि 'भयचकित' या अर्थाचा 'अगास्ट' हे शब्दही पुढे त्याच वळणाने लिहिले जाऊ लागले.

शब्दाच्या शेवटी या ध्वनीचे दोन मार्ग झाले. काही बोलींत तो लोपला, तर काहींत ओठांचा गोलावा वाढून त्याचा 'फ' झाला, आणि लंडनच्या प्रमाण इंग्रजीने काही शब्द एकीकडून व काही दुसरीकडून उचलले. म्हणून 'रफ' म्हणजे खडबडीत, 'टफ' म्हणजे चिवट, 'कफ' म्हणजे खोकला आणि 'ट्रफ' म्हणजे गुरांची डोणी, यांत 'फ' आहे. 'बाउ' म्हणजे झाडाची फांदी आणि 'डो' म्हणजे मळलेली कणीक, यांत तो नाही. 'स्लाउ' म्हणजे दलदल आणि 'स्लफ' म्हणजे सापाने टाकलेली कात, हे दोन वेगळे शब्द तर अक्षर न अक्षर एकसारखे लिहिले जातात.

काही शब्दांत ही जोडी केवळ अनुकरणाने शिरली. 'आनंद' या अर्थाचा 'डिलाइट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात ना हा ध्वनी होता ना ही अक्षरे. 'लाइट'च्या सादृश्याने ती सोळाव्या शतकात रूढ झाली. कैद्यांच्या संचित रजेसाठी महाराष्ट्रात वापरला जाणारा 'फर्लो' हा शब्द सतराव्या शतकात डच 'व्हर्लोफ'वरून इंग्रजीत आला. त्याच्या अखेरच्या 'फ'साठी 'रफ'च्या धर्तीवर 'जी' आणि 'एच' लिहिले गेले आणि पुढे तो 'फ'च उच्चारातून गेला.

भारतातून गेलेल्या शब्दांची गोष्ट निराळी आहे. 'घाट', 'घी' आणि 'घड़ियाल' यांतील 'घ' दाखवण्यासाठी इंग्रजांनी हीच अक्षरे योजली. त्यांना महाप्राण 'घ' जमला नाही आणि ते 'गाट', 'गी' म्हणू लागले, तरी येथे निदान मूळ ध्वनीला धरून लेखन झाले.

ही अक्षरे काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशाने नांगर या अर्थाच्या 'प्लाउ' शब्दाचे आटोपशीर स्पेलिंग पुरस्कारले आणि अमेरिकेत ते रुजले. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत ३०० शब्दांची सुलभ स्पेलिंगे वापरण्याचा आदेश दिला. त्यांत 'दो' म्हणजे जरी आणि 'थ्रू' म्हणजे मधून हे शब्द होते. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, विरोधामुळे त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने १९३४ पासून आपल्या पानांवर सुलभ स्पेलिंगांचा वापर सुरू केला आणि 'थ्रू'सारखे शब्द दीर्घकाळ आखूड रूपात छापले. १९७५ साली त्याने हा हट्ट सोडला आणि 'थ्रू' पुन्हा सात अक्षरांत छापला जाऊ लागला.